बी फॉर्मवर दुसरी सही कोणाची?



‘अपक्ष’ म्हटले की आपल्यापुढे उमेदवार उभा राहतो. पण खरा अपक्ष आहे तो मतदार. या सभेत पक्षाच्या सभासदत्वाची पावती थोड्यांकडेच असेल. बाकीचे आपण त्या त्या वेळी विचार करून मत देतो. मग पक्ष उमेदवार ठरवतो तेव्हा आपल्यालाही मत असावे काय, हा आजचा विषय आहे.

उमेदवारी कशी ठरते ते आधी पाहू. सही कोण करणार हे पक्ष ‘ए’ फॉर्मवर कळवतो. तो माणूस ‘बी’ फॉर्मवर उमेदवाराचे नाव घालून सही करतो. अर्ज भरण्याच्या शेवटच्या दिवशी दुपारी तीनपर्यंत तो कागद निर्वाचन अधिकाऱ्याकडे पोचला की काम झाले. 1951 च्या लोकप्रतिनिधित्व कायद्यात पक्षाची नोंदणी कशी करावी ते आहे. उमेदवार कसा निवडावा ते नाही.

याचा अनुभव आपल्या मांद्रेइतका कोणाला असेल? 2017 साली आपण मुख्यमंत्री लक्ष्मीकांत पार्सेकर यांना सात हजारांहून अधिक मतांनी पाडले आणि काँग्रेसचे दयानंद सोपटे यांना निवडून दिले. 2018 च्या ऑक्टोबरात सोपटे राजीनामा देऊन भाजपमध्ये गेले. 2019 च्या पोटनिवडणुकीत ते भाजपचे उमेदवार म्हणून जिंकले. 2022 मध्ये तिकीट पुन्हा त्यांनाच मिळाले, पार्सेकर अपक्ष उभे राहिले आणि जागा मगोच्या जीत आरोलकरांकडे गेली. कोण बरोबर, कोण चूक, हे मी सांगत नाही. एवढ्या उलथापालथीत उमेदवार ठरवताना मतदाराला रीतसर कोणी विचारले, एवढाच माझा प्रश्न आहे.

अमेरिकेत यासाठी आधी वेगळे मतदान होते, त्याला प्रायमरी म्हणतात. काही राज्यांत ते पक्षाकडे नोंद असलेल्यांपुरतेच असते, काहींत अपक्ष मतदारालाही मुभा असते. कॅलिफोर्नियाने तर कोणालाही कोणत्याही पक्षाच्या उमेदवारांत मत देता येईल असे केले होते. 2000 साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ती पद्धत रद्द केली. आपली माणसे निवडण्याचा हक्क पक्षाचा आहे, असे न्यायालय म्हणाले.

आपल्या देशात काँग्रेसने 2014 साली लोकसभेच्या मोजक्या मतदारसंघांत हा प्रयोग केला. महाराष्ट्रात लातूर आणि वर्धा त्यात होते. मत मात्र पक्षाच्या पदाधिकाऱ्यांना आणि प्रतिनिधींनाच होते. दोन्ही जागा पक्ष हरला. त्या वर्षीची लाटच वेगळी होती, म्हणून त्याचा दोष प्रयोगाला देता येणार नाही. पण सामान्य मतदार त्यात नव्हता, हे खरे. 2022 मध्ये आम आदमी पक्षाने पंजाबात मुख्यमंत्रिपदाच्या नावासाठी फोनवरून सर्वांचा कौल घेतला. तिथे दार उघडे होते, पण मोजणी पक्षाच्याच हातात होती.

आता आक्षेप घेऊ. कोणी म्हणेल, देवस्थानच्या समितीसाठी महाजनच मत देतात, दर्शनाला येणारा देत नाही. मग पक्षाच्या घरात परक्याला मत कशाला? मुद्दा योग्य आहे. पण देवस्थानची समिती सगळ्या मतदारसंघाचा कारभार पाहत नाही. आमदार पाहतो. शिवाय सरकारी नोकराला सेवानियमांमुळे पक्षाचा सभासद होताच येत नाही. आपल्याकडे अशी माणसे किती घरांत आहेत ते तुम्हीच मोजा.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. विरोधी पक्ष आपली माणसे घुसवून मुद्दाम कच्चा उमेदवार निवडून आणतील. यावर मी बँकेतल्या रोजच्या कामातला उपाय सुचवतो. संस्थेच्या खात्यातून पैसे काढताना एकट्याची सही चालत नाही, दोन लागतात. तसेच इथे दोन मोजण्या वेगळ्या ठेवाव्यात, एक सभासदांची आणि एक अपक्ष मतदारांची. दोन्हींत निम्म्याहून अधिक मते मिळतील त्याचेच नाव ‘बी’ फॉर्मवर जावे. बाहेरच्यांनी कच्चा माणूस पुढे केला तर सभासद अडवतील. सभासदांनी नेत्याच्या मर्जीतला लादला तर मतदार अडवतील. कोणालाच दोन्हीकडे तेवढी मते नसतील तर पहिल्या दोघांत पुन्हा मतदान घ्यावे.

अटी मात्र हव्यात. अपक्ष मतदाराने काही महिने आधी नाव नोंदवावे आणि एकाच पक्षाच्या निवडीत मत द्यावे. मतदान गुप्त असावे, कारण लहान गावात कोण कुठे गेला हे संध्याकाळपर्यंत सर्वांना कळते. सरकारी नोकरांसाठी सेवानियमही स्पष्ट करून घ्यावे लागतील. पैसा चालेल म्हणाल, तर तो आजही चालतो. पण मूठभरांना विकत घेणे सोपे, हजारोंना कठीण.

यामुळे पक्षांतर थांबेल, असे मी म्हणत नाही. 2022 नंतर मगोने भाजप सरकारला पाठिंबा दिलाच. निवडून गेल्यावर माणूस काय करील, त्याची हमी कोणतीही निवडपद्धत देत नाही. पण ज्याला आपण आधी निवडले त्याला जाब विचारताना आपला आवाज नक्कीच चढा राहील.

गोव्यात मतदारसंघ 40, आणि प्रत्येकात मतदार साधारण तीस हजार. एवढ्या लहान जागी हा प्रयोग जमला नाही, तर कुठे जमणार? पुढच्या निवडणुकीआधी जो पक्ष आपल्या वाड्यावर येईल, त्याला आपल्या संघातर्फे एकच विचारावे: तुमच्या बी फॉर्मवर दुसरी सही आमची घेणार का? उत्तर लेखी मागावे.