कोआलाची रिकामी पिशवी

श्रोतेहो, एखाद्या गोठ्यात दहा गाई बांधलेल्या आहेत. अंगाने बऱ्या आहेत, वैरण खात आहेत. पण तीन वर्षांत त्या गोठ्यात एकही वासरू झालेले नाही. वाटेने जाणारा म्हणेल, वा, दावण कशी भरलेली आहे! मालकाला मात्र रात्री झोप लागत नाही. आज ज्या प्राण्याची हकिकत मी तुम्हांला सांगणार आहे, त्याची गत पुष्कळ ठिकाणी अशीच झाली आहे. हा प्राणी म्हणजे ऑस्ट्रेलियातला कोआला.

चित्रात तुम्ही त्याला पाहिले असेल. राखी लोकर, झुपकेदार कान, काळे चपटे नाक, आणि निलगिरीच्या फांदीला मिठी मारून दिवसाचे अठरा-वीस तास झोप. पुस्तकांतून त्याला ‘कोआला अस्वल’ म्हणतात, ते शिक्षकबंधूंनी वर्गात अवश्य दुरुस्त करावे. अस्वलाशी त्याचे काही नाते नाही. तो कांगारूच्या गोतातला, पोटाला पिशवी असलेला प्राणी. मादीला गर्भ राहिल्यापासून सुमारे ३५ दिवसांत पिल्लू होते. ते केवढे, तर घेवड्याच्या दाण्याएवढे, वजन अर्धा ग्रॅम! डोळे नाहीत, केस नाहीत. तसेच ते सरपटत आईच्या पिशवीत शिरते आणि सहाएक महिने तिथेच वाढते. आणि बाळंतपण फार तर वर्षाला एक. हिशेब असा बेताचाच असल्यामुळे त्यात खोट आली तर ती सहजी भरून निघत नाही.

ही खोट आणली आहे क्लॅमिडिया नावाच्या जंतूने. हा जंतू शरीरातल्या पेशीच्या आत शिरून वाढतो. तिथे त्याची संख्या वाढली की पेशी फुटते आणि बाहेर पडलेले जंतू शेजारच्या पेशींत शिरतात. कोआलात तो मुख्यतः नर-मादीच्या संगातून पसरतो, आणि आईकडून पिल्लालाही लागतो. डोळ्यांत शिरला तर डोळे लाल होतात, चिकटतात, शेवटी जनावर आंधळे होते. आंधळ्या कोआलाला झाड कसे सापडावे? मूत्राशयात शिरला तर लघवी सारखी ठिबकत राहते, आणि मागची लोकर ओली, तांबूस, घाणेरडी होते. दुरून पाहूनही हे आजारपण ओळखू येते.

तिसरी जागा मात्र बाहेरून दिसत नाही. मादीच्या गर्भाशयाला आणि अंडनलिकेला सूज येते, सूज बरी होताना व्रण पडतात, वाट बुजते. अंडाशयाभोवती पाण्याने भरलेल्या गाठी होतात. मादी खाते-पिते, झाडावर बसते, मोजणीत एक म्हणून धरली जाते. पण तिची पिशवी पुन्हा कधी भरत नाही. क्वीन्सलंड आणि न्यू साउथ वेल्स या राज्यांतल्या काही वसाहतींत निम्म्याहून अधिक जनावरांना या जंतूची बाधा झालेली आढळली आहे. माझ्या मते या रोगाची खरी भीती इथे आहे. मेलेले जनावर वाटेवर दिसते, न जन्मलेले कुणाला दिसणार?

आता तुम्ही म्हणाल, कुठला ऑस्ट्रेलिया आणि कुठले आम्ही! पण या जंतूचा एक सख्खा भाऊ आपल्या घरांतून पिढ्यान्‌पिढ्या नांदून गेला आहे. जुन्या माणसांना विचारा, खुपऱ्या म्हणजे काय ते. पापणीच्या आत खरबरीत दाणे उठायचे, पापणी आत वळायची, केस बुबुळावर घासायचे आणि माणूस आंधळा व्हायचा. तो रोग क्लॅमिडियाच्याच कुळातल्या दुसऱ्या जातीचा. १९६३ साली आपल्या देशात त्याच्याविरुद्ध राष्ट्रीय मोहीम निघाली, आणि सार्वजनिक आरोग्याचा प्रश्न म्हणून भारतातून तो गेला, अशी मान्यता जागतिक आरोग्य संघटनेने २०२४ साली दिली. सूज, मग व्रण, मग कायमची हानी, ही या कुळाची चाल खुपऱ्यांतही तीच आणि कोआलाच्या गर्भाशयातही तीच.

कोआलाला लागणाऱ्या जातीचे नाव क्लॅमिडिया पेकोरम. लॅटिन भाषेत ‘पेकोरम’ म्हणजे गुराढोरांचा, कळपांचा. नाव खोटे नाही. मेंढ्या आणि गाईबैल यांच्यातही हा जंतू राहतो. १७८८ साली गोऱ्या वसाहतवाल्यांनी गुरेमेंढरे ऑस्ट्रेलियात नेली, आणि त्यांच्याकडूनच हा जंतू कोआलाकडे गेला असावा, असा अनेक संशोधकांचा कयास आहे. कोआलाच्या आजारी डोळ्यांतून तो प्रथम वेगळा काढला गेला १९७४ साली.

हा जंतू नसता तर काय झाले असते, हे पाहायचे असेल तर दक्षिण ऑस्ट्रेलियातल्या कांगारू बेटावर चला. तिथे मुळात कोआला नव्हतेच. लोकरीसाठी झालेल्या बेसुमार शिकारीने मुख्य भूमीवर ते संपत आले, म्हणून १९२० नंतरच्या काही वर्षांत जेमतेम १८ जनावरे या बेटावर सोडली. ही जनावरे आली होती फ्रेंच बेटावरून, जिथे क्लॅमिडिया नव्हता. पुढे त्यांची वीण इतकी वाढली की झाडांना पाने उरेनात. १९९७ पासून सरकारला त्यांच्यावर संततिनियमनाच्या शस्त्रक्रिया कराव्या लागल्या! एकाच देशात एकीकडे पिल्ले होत नाहीत म्हणून डॉक्टर हैराण, दुसरीकडे पिल्ले थांबवा म्हणून हैराण. पुढे २०१९-२० च्या वणव्यांत त्या बेटावरचे हजारो कोआला जळून गेले, ती गोष्ट निराळी.

सगळा दोष जंतूवर टाकून चालणार नाही. रान तोडले, मधून रस्ते काढले, कुत्री मोकाट सोडली, तर जनावर भेदरते, कमी खाते, आणि अंगात दबलेला रोग वर येतो. शिवाय कोआलात एक विषाणूही आहे, जो त्यांच्या बीजातच शिरून बसला आहे. उत्तरेकडे जवळजवळ प्रत्येक पिल्लू तो आईबापांकडून वारशाने घेऊन जन्मते. रक्ताच्या कर्करोगाशी त्याचा संबंध दिसतो आणि क्लॅमिडियाशी झुंजण्याची ताकदही त्याने कमी होत असावी. या साऱ्याचा परिणाम म्हणून २०२२ साली क्वीन्सलंड, न्यू साउथ वेल्स आणि राजधानीचा प्रदेश इथले कोआला ‘संकटग्रस्त’ म्हणून जाहीर झाले.

मग औषध का देत नाहीत? देतात. पण इथे एक मोठी पंचाईत आहे. निलगिरीचे पान म्हणजे विषारी तेल आणि तुरटपणा यांचे गाठोडे. ते पचवायला कोआलाच्या पोटात दोन मीटर लांबीचे अंधांत्र आहे आणि त्यात खास जंतूंची वस्ती आहे. ही वस्ती जन्मतः नसते बरं का! पिल्लू सहा महिन्यांचे झाले की आई एक मऊ, पातळ विष्ठा टाकते आणि पिल्लू ती चाटून खाते. आपल्याला किळस येईल, पण घरातले विरजण मुलीला द्यावे तसाच हा प्रकार. प्रतिजैविक औषध दिले की रोगाच्या जंतूबरोबर हे विरजणही मरते, आणि रोगातून वाचलेले जनावर भरल्या झाडावर उपाशी मरते. त्यातून यकृत इतके विष उतरवणारे की पुष्कळ औषधे अंगी लागण्याआधीच निकाली काढते. शिवाय बुजलेली वाट औषधाने उघडत नाही, ते वेगळेच.

म्हणून लशीचा विचार सुरू झाला. सनशाइन कोस्ट विद्यापीठात प्राध्यापक पीटर टिम्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दहा वर्षांहून अधिक काळ यावर काम केले, रुग्णालयात आलेल्या आणि रानातल्या शेकडो कोआलांना ती टोचून पाहिली. सप्टेंबर २०२५ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या औषध-नियामक संस्थेने तिला परवानगी दिली. एकदाच टोचायची, पुन्हा मात्रा नको. आणि हे फार सोयीचे, कारण उंच निलगिरीवरचा कोआला दुसऱ्यांदा धरायला मिळेलच असे नाही. ही लस टोचलेल्या रानातल्या कोआलांत मृत्यूचे प्रमाण निदान ६५ टक्क्यांनी घटले, असे संशोधकांचे म्हणणे आहे. पण प्रत्येक जनावर शोधायचे, झाडावरून उतरवायचे, तपासायचे, टोचायचे आणि पुन्हा त्याच्या झाडाशी नेऊन सोडायचे, हे काम खर्चाचे आणि जिकिरीचे आहे. साऱ्यांना टोचता येणे शक्य दिसत नाही. मादी दोनएक वर्षांची झाली की विण्याजोगी होते. मला वाटते, निवड करायचीच झाली तर तिच्यापासून करावी, तीसुद्धा पहिला नर तिच्या झाडावर चढण्याच्या आत.