सामाईक भांडाराच्या किल्ल्या



न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली सुरू केलेल्या या व्याख्यानमालेत विद्वानांचे ऐकायची आपल्याला सवय. माझे शिक्षण दहावीला सुटले. पुढे जे झाले ते कामगारांच्या सभांत आणि वाचनालयाच्या बाकावर. असा माणूस संगणकावर काय बोलणार? पण हिंजवडी-खराडीकडची मुले हल्ली आमच्याकडे गाऱ्हाणी घेऊन येतात. ती समजावीत म्हणून मला त्यांच्याजवळ बसून त्यांचे काम शिकावे लागले. शिकताना ध्यानात आले की यातला एक प्रश्न आमच्या जुन्या ओळखीचा आहे : वही कोणी वाचावी आणि वहीत कोणी लिहावे?

संगणकाला द्यायच्या आज्ञा पुष्कळ माणसे मिळून लिहितात. त्या जिथे साठवतात ते सामाईक भांडार. लायनस टोरवाल्ड्स यांनी २००५ साली त्यासाठी ‘गिट’ नावाची व्यवस्था केली. तीत प्रत्येक फेरफाराची नोंद राहते, आणि पुढच्या नोंदीत मागचीची खूण गुंफलेली असल्याने जुने पान गुपचूप बदलता येत नाही. मात्र नोंदीवरचे नाव लिहिणाराच घालतो. वेगळी सही मागितली नाही, तर मी शेजाऱ्याच्या नावानेही नोंद करीन!

म्हणून दारावर पहारा लागतो. ‘गिटहब’वर संस्थेच्या भांडाराला अधिकाराच्या पाच पायऱ्या आहेत. पहिलीवर नुसते वाचता येते, दुसरीवर तक्रारींची वर्गवारी करता येते, तिसरीवर लिहिता येते, चौथी देखभालीची; पाचवीवरचा माणूस अख्खे भांडार पुसून टाकू शकतो. शिवाय, दुसऱ्याने तपासल्याखेरीज मुख्य शाखेत काहीही जाऊ नये, असा नियम घालता येतो. आमच्या चेकवर दोन सह्या लागतात, तसेच हे.

वाचणे आणि लिहिणे या दोन गोष्टी आपण वेगळ्या ठेवल्या पाहिजेत. १९२६ च्या कामगार संघटना कायद्याने सभासदाला हिशेबवह्या तपासण्याचा हक्क दिला होता. त्यांत लिहिण्याचा नव्हे. पुण्यातलेच उदाहरण घ्या. येथील मॉड्युलर इन्फोटेकने घडवलेले ‘लोहित’ टंक रेड हॅट कंपनीने मुक्त परवान्याखाली सर्वांना खुले केले. त्यांचे मूळ साहित्य कोणीही पाहावे, जोडाक्षर मोडलेले दिसले तर दुरुस्ती सुचवावी. पण सुचवलेली दुरुस्ती आत घेण्याचा अधिकार मोजक्यांचाच. यात मला अन्याय दिसत नाही. दहा हजारांनी पाहावे आणि चौघांनी लिहावे, ही व्यवस्था आम्ही संघटनेत नेहमीच चालवतो.

परंतु ते चौघे खरोखर चौघे असावे लागतात. ‘एक्सझेड’ नावाची फायली आवळून लहान करणारी एक आज्ञावली आहे. जगभरच्या असंख्य यंत्रांत ती असते, आणि तिची देखभाल फिनलंडचे लासे कॉलिन जवळजवळ एकट्याने करीत. २०२१ पासून ‘जिआ टॅन’ या नावाचे कोणी तिथे उपयोगी काम करू लागले. दुसऱ्या अनोळखी नावांनी टोचणी सुरू केली : काम इतके संथ का, आणखी माणूस का घेत नाही? जून २०२२ मध्ये कॉलिन यांनी उघड लिहिले, की आपले मनःस्वास्थ्य बरे नाही आणि हे काम बिनपगारी आहे. हळूहळू किल्ल्या त्या नव्या माणसाकडे गेल्या. २०२४ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये त्याने काढलेल्या दोन आवृत्त्यांत चोरदार निघाले. आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला आपल्या यंत्रात प्रवेश करताना अर्धा सेकंद जास्त लागतो असे जाणवले. तो मागावर राहिला आणि २९ मार्चला त्याने जगाला सावध केले. ध्यानात घ्या, दार उघडणारी शेवटची कळ उघड्या भांडारात नव्हतीच. ती फक्त बांधून वाटलेल्या गठ्ठ्यात होती. म्हणजे मूळ वही दिसायला स्वच्छ, आणि वाटलेल्या प्रतीत मात्र एक ओळ जास्त.

पुष्कळांनी कॉलिन यांना बोल लावला. मी लावणार नाही, कारण मीही तेच केले आहे. एका लहान कारखान्याच्या संघटनेचा मी चिटणीस होतो. घरी आजारपण, रात्री सभा. एक हुशार तरुण आला, पावत्या लिहू लागला, आणि सहा महिन्यांत वर्गणीचे पुस्तक नि शिक्का मी त्याच्या हाती देऊन मोकळा झालो. मला हायसे वाटले, हेच खरे. वर्षाने हिशेब लागेना तेव्हा सभासदांनी मला विचारले, “तुमच्यानंतर दुसरी सही कोणाची होती?” मजजवळ उत्तर नव्हते. पण तोवर माझ्या थकव्याची चौकशीही कोणी केली नव्हती.

किल्ली परत घेण्याचेही असेच. नोकरी सोडून जाणाऱ्याचा प्रवेश त्याच दिवशी बंद व्हावा, याला माझा विरोध नाही. परंतु सकाळी यंत्र परवलीचा शब्द नाकारते आणि त्यावरून माणसाला कळते की आपण कामावरून गेलो, ही रीत मला मान्य नाही. आधी माणसाने माणसाला सांगावे, मग कुलूप बदलावे. आणि जिथे पगार नाही, मालक नाही, तिथे उलट होते; किल्ली मागायला कोणीच येत नाही. मी मुलांना म्हटले, तुम्ही हौसेने चालवता त्या भांडाराची यादी तरी काढा. एकाने आणली. लिहिण्याचा अधिकार असलेली एकवीस नावे होती. सहा जण केव्हाच निघून गेलेले. आणि उरलेल्यांपैकी चौघांना आपल्यापाशी किल्ली आहे हे त्या दिवशीच कळले.