अहवाल कोणासाठी?

गोदाकाठी सिंहस्थ आणि पटकी यांची गाठ जुनी. आम्हां प्रयोगशाळेतल्यांना लोक विचारतात, "रोगी दोन दिवसांत बरा होतो, तुमचा अहवाल तिसऱ्या दिवशी, मग उपयोग काय?" मीठ-साखरेचे पाणी अहवालावाचून तत्काळ द्यावेच. अहवाल हवा तो शेजाऱ्यांसाठी! १८८४ साली कॉखने कलकत्त्यास पटकीचा स्वल्पविरामासारखा जंतू रोग्यांत पाहिला, तसाच तळ्याच्या पाण्यातही. आज टीसीबीएस माध्यमावर त्याच्या पिवळ्या वसाहती उठतात. (रोटाव्हायरस तेथे वाढत नाही; त्याला एलायझा किंवा पीसीआरच हवी.) मात्र शौचाचा नमुना जंतुनाशक गोळीच्या आधी घ्या. गोळीनंतर पुष्कळदा बशीत काही उगवत नाही. मग विहिरीच्या पाण्यात नेमके काय शोधायचे, हे आम्हांस कळत नाही.