कराराचा कागद आणि मतपत्रिका

(शताब्दी समारंभातील भाषण)



शताब्दी समितीने मला दोन शब्द बोलण्याची संधी दिली, याबद्दल मी समितीची मनःपूर्वक आभारी आहे. मी एक साधी प्राथमिक शिक्षिका आहे. विद्वत्तापूर्ण व्याख्यान देणे माझ्या आवाक्याबाहेरचे आहे. वर्गात मुलांना समजावून सांगते, तसेच आज सांगणार आहे.

माझा विषय आहे स्थानिक शासन आणि आपला समाज. काहींना वाटेल, शताब्दीच्या शुभदिनी गटारे, पदपथ आणि कचऱ्याच्या डब्यांचा विषय कशाला? आज पूर्वजांचे स्मरण करावे, भजने म्हणावीत, झिम्मा-फुगडी घालावी. ते तर आपण करणारच आहोत. परंतु पूर्वजांचे स्मरण करायचे म्हटले की शासनाच्या धोरणाचा विषय आपोआप येतो, कारण त्यांचे सारे आयुष्य दुसऱ्यांनी ठरवलेल्या धोरणाने घडवले होते.

१८३४ पासून सुमारे साडेचार लाख भारतीय मजूर मॉरिशसला नेले गेले. त्यांत रत्नागिरी, सावंतवाडी या भागांतील मराठी माणसे होती. १८७९ पासून फिजीला साठ हजारांहून अधिक मजूर गेले. प्रत्येकाच्या हाती कराराचा एक कागद होता. मजुरी किती, वर्षे किती, शिधा किती, हे त्यावर लिहिलेले असे. बहुतेकांना तो वाचता येत नव्हता. त्यावर त्यांनी फुली मारली किंवा अंगठा उठवला आणि ते बोटीत चढले.

म्हणून आपले पूर्वज मुके होते, असे कोणी समजू नये. मॉरिशसमध्ये १८६७ साली एक कायदा झाला. करार पूर्ण झालेल्या मजुरालाही स्वतःचे छायाचित्र लावलेला पास जवळ बाळगावा लागे. पास नसला तर भटक्या म्हणून त्याला अटक होई. या जाचाविरुद्ध १८७१ साली ९,४०१ जुन्या मजुरांनी गव्हर्नरांकडे अर्ज केला. अर्ज लिहिण्यास आदोल्फ द प्लेविट्झ या सहृदय माणसाने मदत केली. पुढे इंग्लंडहून शाही आयोग आला, चौकशी झाली आणि १८७८ मध्ये नवा कामगार कायदा झाला. सगळे दुःख संपले नाही. तरीसुद्धा निरक्षर माणसांनी एकत्र येऊन सरकारला आपले म्हणणे ऐकवले, ही गोष्ट आपण मुलांना अभिमानाने सांगितली पाहिजे.

तो अर्ज ज्या गव्हर्नरांकडे गेला, त्यांचे नाव सर आर्थर गॉर्डन. बंधुभगिनींनो, हे नाव लक्षात ठेवा. मॉरिशसनंतर १८७५ मध्ये ते फिजीचे गव्हर्नर झाले. तिथल्या मूळ रहिवाशांना मळ्यांवर राबवू नये, असे त्यांनी ठरवले. हे धोरण चांगलेच होते. मग मळ्यांवर काम कोण करणार? त्यासाठी भारतातून मजूर आणण्याचे ठरले. १४ मे १८७९ रोजी लिओनिडास नावाची बोट ४६३ मजुरांना घेऊन फिजीला पोहोचली. एका समाजाच्या रक्षणासाठी घेतलेल्या निर्णयाचे ओझे दुसऱ्या समाजाच्या खांद्यावर आले, आणि त्या समाजाला कोणी विचारले नव्हते.

पुढच्याच वर्षी, म्हणजे १८८० मध्ये, हेच गॉर्डनसाहेब न्यूझीलंडचे गव्हर्नर होऊन आले. त्या वेळी तारानाकी प्रांतात पारिहाका नावाचे माओरी गाव होते. ते व्हिती आणि तोहू काकाही हे तिथले पुढारी. सरकारने जमिनी घेतल्या, तेव्हा त्यांच्या माणसांनी शस्त्र न उचलता विरोध केला. त्या गावावर बळाचा वापर होऊ नये, असे गॉर्डन यांचे मत होते. पण १८८१ च्या सप्टेंबरमध्ये ते फिजीला गेले. त्यांच्या गैरहजेरीत, १९ ऑक्टोबरला, मंत्रिमंडळाने पारिहाकाविरुद्धच्या जाहीरनाम्यावर सही करून घेतली. गॉर्डन त्याच रात्री परत आले, पण तोवर सही होऊन गेली होती. ५ नोव्हेंबरला सुमारे सोळाशे शिपाई आणि स्वयंसेवक गावात शिरले. त्यांच्या समोर पहिल्यांदा आली ती गावातील लहान मुले.

मॉरिशस, फिजी आणि न्यूझीलंड या तिन्ही ठिकाणांना जोडणारा हा एकच माणूस. त्याच्या कहाणीतून मी एवढेच शिकले की निर्णय होतो त्या वेळी खोलीत कोण आहे, याला फार महत्त्व आहे. मनात चांगले असून पुरत नाही, तिथे हजर राहावे लागते.

ही झाली मोठ्या सरकारची गोष्ट. आता गावपातळीवर येऊ. ऑकलंडच्या दक्षिणेला पुकेकोहे आहे, कांदे-बटाट्याच्या शेतीचे गाव. तिथे भारतीय शेतकरी कष्टाने भाजीपाला पिकवू लागले. ते काहींच्या डोळ्यांत खुपले. १९२६ मध्ये, म्हणजे शंभर वर्षांपूर्वी, तिथे व्हाइट न्यूझीलंड लीग स्थापन झाली. आशियाई लोकांच्या हाती जमीन जाऊ नये, हा तिचा हेतू. लीगने ठिकठिकाणच्या कौन्सिलांकडे पाठिंबा मागितला आणि अनेकांनी तो दिला. पुढे कित्येक वर्षे त्या गावात माओरी आणि भारतीय माणसांना सिनेमागृहाच्या वरच्या गॅलरीत बसू देत नसत. काही न्हावी त्यांचे केस कापत नसत. १९५२ मध्ये तर माओरी मुलांसाठी वेगळी शाळा निघाली. केस कुठे कापावेत, सिनेमाला कुठे बसावे, याचा कायदा संसदेने केला नव्हता. हे गावाने ठरवले होते, आणि ते थांबवू शकतील असे गावचे पुढारी गप्प राहिले.

आपली माणसे मात्र गप्प बसली नाहीत. त्याच १९२६ साली ऑकलंड, वेलिंग्टन आणि ग्रामीण भागातील भारतीयांनी एकत्र येऊन न्यूझीलंड इंडियन सेंट्रल असोसिएशन स्थापन केली. म्हणजे शंभर वर्षांपूर्वी याच भूमीवर आपल्याला दूर ठेवणारी संस्था जन्मली आणि आपल्याला एकत्र आणणारीही.

स्थानिक शासन चांगले असले तर काय होते, तेही पाहू. २००२ पासून ऑकलंडमध्ये सार्वजनिक दिवाळी महोत्सव होऊ लागला. त्या वेळच्या ऑकलंड सिटी कौन्सिलने आणि एशिया न्यूझीलंड फाउंडेशनने तो सुरू केला. जो सण आपण दारे लावून घरात साजरा करत होतो, तो शहराचा सण झाला. डनेडिनमध्ये भारतीयांची वस्ती मोठी नाही. तरी तिथल्या नागरिकांनी पंजाबात जन्मलेल्या सुखी टर्नर यांना महापौर निवडले आणि १९९५ ते २००४ अशी नऊ वर्षे त्यांच्या हाती शहर सोपवले. फिजीतील भारतीय घराण्यातले आनंद सत्यानंद यांनी आधी लोकपाल म्हणून सामान्य माणसाच्या सरकार आणि कौन्सिलांविरुद्धच्या तक्रारी ऐकल्या, आणि २००६ मध्ये ते गव्हर्नर जनरल झाले. ज्या पदावर एकदा गॉर्डन होते, त्या पदावर!

नेतृत्वाची खरी परीक्षा मते कमी होण्याची भीती असते तेव्हा होते. न्यू प्लिमथचे महापौर अँड्र्यू जड यांच्या कौन्सिलने २०१४ मध्ये माओरींसाठी वेगळा मतदारसंघ ठेवण्याचे ठरवले. २०१५ मध्ये त्यावर नागरिकांचे मत घेतले गेले. ८३ टक्के मते विरोधात पडली. जड यांना रस्त्यात, दुकानात अपमान सोसावे लागले. पुढच्या निवडणुकीला ते उभे राहिले नाहीत. २०१६ मध्ये ते आपल्या शहरातून पारिहाकापर्यंत लोकांसह चालत गेले. २०२१ मध्ये कायदा बदलला आणि २०२२ च्या निवडणुकीत तो मतदारसंघ अस्तित्वात आला. २०२४ मध्ये कायदा पुन्हा फिरला, आणि २०२५ मध्ये ४२ कौन्सिलांना या प्रश्नावर पुन्हा मतदान घ्यावे लागले. हा प्रश्न माओरींचा आहे, आपला काय संबंध, असे म्हणू नका. संख्येने कमी असलेल्यांना खुर्ची मिळावी की नाही, हा प्रश्न पुकेकोहेच्या भाजीवाल्यांचाही होता.

आता आपल्याकडे वळते. या देशात ७८ कौन्सिले आहेत. पिण्याचे पाणी, रस्ते, ग्रंथालये, बागा, सभागृहे, घर बांधण्याची परवानगी हे सारे त्यांच्याकडे. आपले मराठी वर्ग ज्या सभागृहात भरतात त्याचे भाडे किती, आपल्या मंदिराला परवानगी मिळेल की नाही, वृद्धांसाठी बस कुठे थांबेल, हे तिथे ठरते. घरपट्टी, इथे जिला रेट्स म्हणतात, ती आपण नियमाने भरतो. पण २०२२ मध्ये ऑकलंडच्या मतदारांपैकी जेमतेम ३५ टक्क्यांनी मतदान केले. इथे मतपत्रिका टपालाने घरी येते. अनेक घरांत तो लिफाफा जाहिरातींच्या कागदांबरोबर कचऱ्यात जातो. ज्यांना वाचता येत नव्हते त्यांनी कागदावर अंगठा उठवला आणि त्यांचे आयुष्य बदलले. आपल्याला वाचता येते, आणि आपण लिफाफा उघडत नाही. पूर्वजांना हे कसे समजावून सांगायचे?

म्हणून माझ्या चार विनंत्या आहेत. पहिली, नाव मतदार यादीत नोंदवा. इथे कायम वास्तव्याचा परवाना असलेल्यालाही, एक वर्ष सलग राहिल्यावर, मत देता येते. त्यासाठी नागरिकत्वाची वाट पाहू नका. दुसरी, कौन्सिलची दीर्घकालीन योजना दर तीन वर्षांनी नव्याने ठरते. त्या वेळी कोणीही लेखी म्हणणे देऊ शकतो आणि समोर जाऊन बोलू शकतो. आपल्या ९,४०१ जणांनी १८७१ मध्ये जे केले, तेच हे काम, आणि आता त्यासाठी अटकेची भीती नाही. इंग्रजी अडते त्यांना तरुणांनी मदत करावी. तिसरी, मुलांच्या शाळेच्या मंडळावर निवडून या. १९८९ पासून इथली प्रत्येक सरकारी शाळा पालकांनी निवडलेले मंडळ चालवते. सभा कशी चालते, अंदाजपत्रक कसे वाचावे, विरोधी मत असलेल्याशी सौजन्याने कसे बोलावे, हे तिथे शिकता येते. आमच्या भगिनींनी तर अवश्य पुढे यावे. घरखर्च चालवणारीला अंदाजपत्रकाची भीती कसली? आणि चौथी, जे नागरिक आहेत त्यांच्यातून कोणीतरी निवडणुकीला उभे राहावे. पहिल्यांदा हरले तरी चालेल.

उभे राहाल तेव्हा केवळ मराठी माणसांसाठी उभे राहू नका. ज्याच्या गल्लीत पाणी तुंबते त्या सामोअन शेजाऱ्यासाठी, ज्याला बस मिळत नाही त्या एकट्या म्हाताऱ्या गोऱ्या आजीसाठी, ज्यांच्या भूमीवर आपण राहतो त्या माओरी बांधवांसाठीही बोला. आपल्यासाठी कोणी बोलले नाही तेव्हा काय होते, हे आपल्याइतके कोणाला ठाऊक आहे?

पुढील शतकात आपली पतवंडे अशाच एखाद्या सभागृहात जमतील. ते सभागृह उभे असेल की नाही, हेही कौन्सिलच ठरवणार आहे. तेव्हा पुढच्या वेळी तो लिफाफा आला की सर्वांसमोर टेबलावर ठेवा, चहा करा आणि घरातील सगळ्यांनी मिळून तो वाचा.