मागे सरणारा नायगारा

सुमारे १२,००० वर्षांपूर्वी नायगाराचा धबधबा आजच्या जागेपासून ११ किलोमीटर खाली, क्वीन्स्टन गावाजवळच्या कड्यावरून कोसळत होता. तेव्हापासून तो प्रवाहाच्या उलट, ईरी सरोवराच्या दिशेने सरकत आला आहे. मधल्या अंतरातली उभ्या भिंतींची खोल घळई याच माघारीतून कोरली गेली.

माघारीचे कारण खडकांच्या थरांत आहे. माथ्यावर कठीण डोलोमाइट, त्याखाली ठिसूळ शेल. पायथ्याच्या डोहात घुसळणारे पाणी, उडणारे तुषार आणि हिवाळ्यात भेगांत गोठणारा बर्फ शेल पोखरत राहतात. वरचा थर सज्जासारखा अधांतरी उरतो आणि अखेर आपल्याच वजनाने तुटतो. कॅनडाच्या बाजूचा ‘टेबल रॉक’ असाच पुढे आलेला होता. प्रवासी त्यावर उभे राहून प्रपात पाहत. १८५० मध्ये त्याचा मोठा भाग कोसळला.

ही चाल सारखी नसते. घळईच्या मध्यावर नदी जवळजवळ काटकोनात वळते. तिथे प्रचंड भोवरा आहे. मागे सरताना धबधब्याला या ठिकाणी गाळाने बुजलेली एक जुनी दरी लागली. खडकाच्या मानाने तो सैल गाळ फार लवकर वाहून गेला आणि भोवऱ्याचे विस्तीर्ण पात्र मोकळे झाले. याउलट, आजच्या अमेरिकन धबधब्याच्या वाट्याला नदीचे जेमतेम दहावा हिस्सा पाणी येते. पडलेल्या शिळा हलवण्याचे बळ त्यात नाही, म्हणून पायथ्याशी त्यांचा ढीग साचला आहे. १९६९ मध्ये अभियंत्यांनी या धबधब्याचे पाणी काही महिने अडवून तो उघडा खडक तपासला.

मुख्य धबधबा पूर्वी वर्षाला मीटरभर किंवा त्याहून जास्त मागे सरत असे. वीजनिर्मितीसाठी पाणी वळवल्यापासून हा वेग ३० सेंटिमीटरच्या आसपास आला आहे. धबधबा सरून गेला, तरी घळईचे काम थांबत नाही. पाऊस आणि भेगांत गोठणारे पाणी तिच्या भिंती ढासळवतात आणि दरी हळूहळू रुंदावते.

सह्याद्रीत खडक वेगळा, पण रीत तीच. बेसॉल्टच्या कठीण थरांखाली सच्छिद्र, कच्चे थर असतात. ते आधी झिजतात. प्रवरेवरील रंधा धबधब्याखालची अरुंद घळ अशाच झिजेतून घडली. कोकणात उतरणारे ओढे आखूड आणि तीव्र उताराचे असल्याने ते घाटाची कडा पूर्वेकडे खात जातात आणि तिच्याबरोबर जलविभाजकही देशाच्या बाजूला सरकतो.