अचानक "बोला" म्हटलं तर
(अर्धापूर येथील बैठकीतील भाषण)



पारावर आपण कापसाच्या भावावर तासभर बोलतो. ग्रामसभेत कुणी "बोला" म्हटलं की जीभ टाळूला चिकटते. अन् आपण गप्प, म्हणजे ठराव मंजूर!

गाडगेबाबा शाळा शिकले नव्हते. कीर्तनात ते लोकांनाच प्रश्न विचारत, उत्तर घेत अन् पुढं जात. १९५६ साली बाबा गेले. ती रीत आपल्या कामाची आहे.

उभं राहा. नाव, गाव सांगा. मग तीनच गोष्टी : काय घडलं, किती नुकसान झालं, काय पाहिजे. आकडा आपल्या वहीतला सांगा. शेवटी साहेबांना एकच सरळ प्रश्न विचारा. उत्तर मिळेस्तोवर खाली बसू नका.