वयोमानानुसार

कोलकात्यातल्या मराठी डॉक्टरांच्या मेळाव्याला तुम्ही अध्यक्ष म्हणून एका रेडिओलॉजिस्टला बोलावलंत. आम्ही अंधाऱ्या खोलीत बसणारी माणसं, रोग्यापेक्षा त्याच्या फिल्मशी आमची ओळख जास्त. तेव्हा एका फिल्मबद्दलच बोलतो.

भवानीपूरच्या एक मराठी काकू. लग्न होऊन सांगलीहून इथे आल्या आणि चाळीस वर्षं मासळीवाल्याशी बंगालीत घासाघीस करत राहिल्या. एकाहत्तराव्या वर्षी मुलगा त्यांना घेऊन आला. आई तोच तोच प्रश्न विचारते म्हणाला. एमआरआय झाला. मी रिपोर्टात लिहिलं, मेंदू वयोमानानुसार आक्रसलेला आहे. हे वाक्य आम्ही दिवसातून दहादा लिहितो. खोटं ठरत नाही, आणि कुणाच्या उपयोगीही पडत नाही.

दोन वर्षांनी काकू पुन्हा आल्या. बंगाली गळून पडलं होतं. कामवालीशीही त्या मराठीत बोलत आणि ती बिचारी मान डोलावत असे. या वेळी हिप्पोकॅम्पसला काटकोनात कोरोनल सेक्शन घेतले. हा भाग कानाच्या पातळीवर, पण खोल आत, करंगळीहून आखूड. १५८७ मध्ये आरांझी या इटालियन शरीरशास्त्रज्ञाला तो समुद्रघोड्यासारखा वाटला, म्हणून हे नाव. नव्या आठवणी पक्क्या करायचं काम त्याचं. तो झिजला की शेजारच्या पाण्याच्या पोकळीचं शिंग, म्हणजे टेम्पोरल हॉर्न, पसरतं आणि बाजूची फट रुंदावते. शेल्टेन्स यांनी १९९२ मध्ये या झिजेला ० ते ४ अशा पायऱ्या दिल्या. पंचाहत्तरीच्या आत २ आले तरी कान टवकारायचे. काकूंना ३. मग जुनी फिल्म काढली. तिच्यात फक्त आडवे सेक्शन होते, पण हॉर्न तिथेही पसरलेलं होतं.

तर हे ‘वयोमान’ कुणाचं? संगणक मेंदू मोजतो तो बहुधा माँट्रियलच्या १५२ तरुणांच्या सरासरीवर बसवून. हैदराबादच्या ट्रिपल आयटीने २०१९ मध्ये शंभर निरोगी भारतीयांचा मेंदू-नकाशा केला, तेव्हा आपला मेंदू लांबी-रुंदी-उंचीत पाश्चात्त्यांपेक्षा सरासरीने लहान निघाला. परक्या पट्टीवर आपला धडधाकट मेंदूही आक्रसलेला भासायचा! मात्र ते शंभर जण २१ ते ३० वयाचे. पुढच्याच वर्षी आलेले भारतीय साचे ६ वर्षांपासून सुरू होतात आणि साठीला थांबतात. आमचं गिऱ्हाईक तर साठीनंतरच येतं.

याच शहरात श्यामल कुमार दास आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ५० हजारांहून जास्त माणसांची घरोघर जाऊन मेंदूविकारांसाठी पाहणी केली होती. त्या खटपटीपुढे आमचं बटण दाबणं काहीच नाही. पण परकी पट्टी फक्त चित्रातच नसते, प्रश्नांतही असते. आयसीएमआरची स्मृतिचाचणी पाच भाषांत आली, बंगालीतही आली. त्या पहिल्या पाचांत मराठी नव्हती. काकूंना बंगालीत विचारलं असतं तर त्या भाषेतच नापास झाल्या असत्या, आणि आठवणीचा हिशेब लागलाच नसता. नुसत्या चित्रावर स्मृतिभ्रंशाचं निदान होत नाही, हे न्यूरोलॉजिस्ट मंडळी आम्हाला सुनावतात. बरोबरच आहे. पण चित्र तरी धड काढा की!

भारतात साठीपुढच्या शंभरांत सातांहून अधिक जणांना स्मृतिभ्रंश आहे, म्हणजे सुमारे ८८ लाख. अमायलॉइड पेट स्कॅन यांतल्या किती जणांच्या वाट्याला येणार? एमआरआय मात्र जिल्ह्याच्या गावीही पोचलाय. त्यात थ्रीडी टी-वन सीक्वेन्स घालायला पाच-सहा मिनिटं जास्त लागतात. तंत्रज्ञ कुरकुरतो, बाहेर पुढचा पेशंट घड्याळ बघतो. तरी घाला. आणि जुनी फिल्म आणायला सांगा, कारण माणसाला त्याच्याच दोन वर्षांपूर्वीच्या मेंदूइतकी चांगली पट्टी मिळत नाही.

काकूंच्या दोन्ही फिल्म नाव झाकून बरोबर आणल्यात. चहाच्या वेळी बाहेरच्या व्ह्यू-बॉक्सवर लावतो. पहिलीत डावीकडचं हॉर्न कुणाला दिसतंय ते सांगा. मला दिसलं नव्हतं.